स्कॉटिश फुटबॉलमधली पैशाची दरी स्वतः कशी तपासायची

स्कॉटिश फुटबॉलचा विषय निघाला की दोन वाक्यं ठरलेली असतात. एक, "तिथे काय, दोनच टीम जिंकतात", आणि दुसरं, "सगळा टीव्हीच्या पैशाचा खेळ आहे". पहिलं बऱ्यापैकी खरंय. दुसरं नाहीये, आणि ते खरं धरून बसलं की पुढचे सगळे उपायही भलतीकडेच जातात. म्हणून म्हटलं हे स्वतः कसं तपासायचं ते एकदा नीट लिहावं. फार काही लागत नाही, इंटरनेट, एक वही किंवा स्प्रेडशीट आणि एक-दोन निवांत संध्याकाळी. अकाउंटिंग येत नसेल तरी चालतं, बेरीज-भागाकार आला की झालं.

आधी विजेत्यांची यादी काढा, पण फक्त अलीकडची नको

१९८५-८६ ते २०२४-२५ हे चाळीस हंगाम घ्या आणि समोर विजेत्याचं नाव लिहीत जा. सेल्टिक किंवा रेंजर्स, दोन्ही ग्लासगोचेच, तिसरं नाव येतच नाही. त्यातसुद्धा सलग पट्टे आहेत, रेंजर्सचे १९८९ ते १९९७ सलग नऊ, सेल्टिकचे २०१२ ते २०२० सलग नऊ. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं आणि बरेच जण इथेच थांबतात.

तुम्ही थांबू नका, मागे जा. १९८० अॅबरडीन, १९८३ डंडी युनायटेड, १९८४ आणि १९८५ परत अॅबरडीन, म्हणजे सहा हंगामांत चार वेळा विजेता ग्लासगोच्या बाहेरचा. आणि हे क्लब नशिबाने जिंकलेले नव्हते हो, अॅलेक्स फर्ग्युसनच्या अॅबरडीनने १९८३ मध्ये गोथेनबर्गला रेआल माद्रिदला हरवून कप विनर्स कप घेतला, जिम मॅक्लीनची डंडी युनायटेड १९८४ ला युरोपियन कपच्या सेमीफायनलला आणि १९८७ ला यूएफा कपच्या फायनलला होती. अजून मागे जा, १९४८ ते १९६५ या अठरा हंगामांत एडिंबराचे हिब्ज (हिबर्नियन) तीनदा आणि हार्ट्स दोनदा, अॅबरडीन, डंडी आणि किलमार्नक एकेकदा, म्हणजे आठ वेळा बाहेरचा विजेता.

या मागे जाण्याला मी इतकं महत्त्व देतोय कारण "दोन क्लब मोठे, त्यांचे चाहते जास्त, मग हे असंच होणार" हा युक्तिवाद इथेच गळतो. चाहते १९५५ मध्येही जास्तच होते. मग मध्ये बदललं काय, हा खरा प्रश्न, आणि बाकीचं सगळं त्याचं उत्तर शोधण्यासाठीच करायचंय.

एक मॅच मात्र सविस्तर वाचा, ३ मे १९८६, डंडीचं डेन्स पार्क. हार्ट्सला लीग जिंकायला फक्त बरोबरी हवी होती, ऑक्टोबरपासून लीगमध्ये एकही हार नव्हती, एडिंबराहून हजारो लोक आले होते. शेवटची सात-आठ मिनिटं राहिली होती, ० - ०, आणि तेव्हा अल्बर्ट किड नावाच्या सब्स्टिट्यूटने गोल मारला, मग थोड्याच वेळात आणखी एक. तिकडे पेझलीला सेल्टिकने सेंट मिरनला ५ - ० हरवलं आणि गुण सारखे असल्यामुळे गोल डिफरन्सवर, म्हणजे मारलेल्या आणि खाल्लेल्या गोलांच्या फरकावर, लीग नेली. ज्या लोकांनी तो दिवस मैदानात काढला त्यांची मुलं आता चाळिशीत असतील आणि त्यांनी तरुणपणात आपल्या क्लबला लीग जिंकताना एकदाही पाहिलं नाही. आकडे मांडताना हे डोक्यात राहू द्या, कारण दरी म्हणजे शेवटी हेच.

मग गुणांचं टेबल, आणि इथे पहिला-दुसरा नाही तर दुसरा-तिसरा बघायचा

लोक "यंदा चुरस होती" म्हणतात तेव्हा बहुतेकदा पहिल्या दोघांतली चुरस म्हणत असतात. ती फसवी असते. २०१०-११ चं टेबल उघडा, रेंजर्स ९३, सेल्टिक ९२, एका गुणाने फैसला, वरवर बघता युरोपातली सगळ्यात थरारक लीग. आता तिसरा बघा, हार्ट्स, ६३.

वहीत प्रत्येक हंगामासाठी चार रकाने करा, पहिला, दुसरा, तिसरा, शेवटचा. २०२२-२३ मध्ये सेल्टिक ९९, रेंजर्स ९२, अॅबरडीन ५७ आणि तळाला डंडी युनायटेड ३१. वजाबाकी करा, दुसरा आणि तिसरा यांच्यात ३५, तिसरा आणि शेवटचा यांच्यात २६. म्हणजे तिसऱ्या नंबरची टीम रेंजर्सपेक्षा रेलिगेट झालेल्या, म्हणजे खालच्या लीगमध्ये ढकललेल्या टीमच्या जास्त जवळ होती! मला विचाराल तर या एका वजाबाकीत अख्ख्या लीगचा आजार दिसतो. २०२३-२४ ला ९३, ८५, ६८ आणि २०२४-२५ ला ९२, ७५, ५८, दरी थोडी इकडेतिकडे होते पण जात नाही.

एक काळजी घ्या. तिथे बारा टीम आहेत, ३३ मॅच झाल्या की टेबल वरच्या सहा आणि खालच्या सहा असं दुभंगतं आणि शेवटच्या पाच मॅच आपापल्या गटातच होतात, त्यामुळे तळाच्या टीमला शेवटी सोपे प्रतिस्पर्धी मिळतात. अगदी काटेकोर तुलना हवी असेल तर ३३ मॅचनंतरचं टेबल घ्या.

आता हिशोब उघडा

हे लोकांना अवघड वाटतं आणि ते खरं तर सगळ्यात सोपं आहे. ब्रिटनमधल्या प्रत्येक कंपनीला आपले वार्षिक हिशोब कंपनीज हाउसकडे, म्हणजे कंपन्यांच्या सरकारी नोंदणी कार्यालयाकडे जमा करावेच लागतात आणि ते कुणालाही फुकट बघता येतात, लॉगिन पण लागत नाही. क्लबचं पूर्ण नाव टाका, हार्ट्सचं हार्ट ऑफ मिडलोथियन असं, मग फायलिंग हिस्टरीमध्ये जाऊन "अकाउंट्स" असलेली पीडीएफ उघडा. सेल्टिक शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असल्यामुळे तिचा वार्षिक अहवाल क्लबच्या साइटवरही मिळतो. रेंजर्सच्या बाबतीत क्लबची कंपनी वेगळी आणि वरची मूळ कंपनी वेगळी, तुम्हाला वरच्या कंपनीचे एकत्रित म्हणजे ग्रुपचे आकडे घ्यायचेत, नाहीतर तुलना चुकते.

पीडीएफ ऐंशी-नव्वद पानांची असते, सगळी वाचायची नाही. चेअरमनचं मनोगत सोडून द्या, त्यात सगळं छानच असतं. थेट नफा-तोट्याच्या पानावर जा आणि एवढं टिपा: एकूण उलाढाल, पगारांवरचा खर्च, खेळाडू विकून झालेला नफा (तो उलाढालीत धरत नाहीत, वेगळी ओळ असते, म्हणून लोकांच्या नजरेतून सुटतो), बँकेतली रोकड, आणि मालक किंवा डायरेक्टरकडून घेतलेली कर्जं. मग शेवटच्या नोट्समध्ये "हिशोबाच्या तारखेनंतरच्या घटना" अशा अर्थाची एक नोट असते ती जरूर वाचा, हिशोब मे-जूनला संपतो आणि मोठी खरेदी-विक्री जुलै-ऑगस्टला होते त्यामुळे खरी बातमी कित्येकदा तिथे दडलेली असते.

काय दिसतं? २०२४-२५ च्या हिशोबात सेल्टिकची उलाढाल साधारण १४.३६ कोटी पौंड, रेंजर्सची ९.४ कोटींच्या आसपास. त्यांच्यानंतरचे मोठे म्हणजे अॅबरडीन आणि हार्ट्स, ते साधारण दोन कोटी पौंडांच्या घरात खेळतात. त्यांच्या खाली अजून सात-आठ क्लब. आता सेल्टिकच्या आकड्याला हार्ट्सच्या आकड्याने भागा, सहा-सातपट येतं. रेंजर्सकडेही नीट बघा, एवढी उलाढाल असूनही त्यांना तोटा आहे, कारण सेल्टिकला गाठायचं तर कमाईपेक्षा जास्त उडवावं लागतं. दुसऱ्या नंबरच्या श्रीमंताची ही अवस्था आहे.

छोट्या क्लबांच्या बाबतीत एक अडचण येईल. आकाराने लहान कंपनीला नफा-तोट्याचं पान जाहीर न करण्याची मुभा असते, त्यामुळे काही क्लबांची फक्त बॅलन्स शीट सापडते, उलाढाल सापडत नाही. तिथे अंदाजाने आकडा भरू नका, रकाना रिकामा ठेवा. आणि कुणाचं वर्ष ३१ मेला संपतं, कुणाचं ३० जूनला, तेही बाजूला लिहून ठेवा.

पैसा कुठून येतो ते वेगळं करा, सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या

उलाढालीचे तुकडे नोट्समध्ये दिलेले असतात, उदाहरणार्थ सेल्टिक तीन भाग दाखवतं, फुटबॉल आणि स्टेडियमचं उत्पन्न, मर्चंडाइज, आणि मल्टीमीडिया व इतर व्यावसायिक. युरोपातला टीव्हीचा पैसा या तिसऱ्यात असतो. आता एकेक करून बघू.

आधी टीव्ही, कारण सगळे बोट तिकडेच दाखवतात. स्काय या टीव्ही कंपनीबरोबरचा सध्याचा करार वर्षाला साधारण ३ कोटी पौंडांचा, २०२९ पर्यंत. शेजारी इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगचा फक्त देशांतर्गत करार चार वर्षांचा ६७० कोटी पौंडांचा, म्हणजे वर्षाला १६७ कोटी. तीनला १६७ ने भागा, दोन टक्केसुद्धा येत नाहीत. आता समजा उद्या सकाळी त्या ३ कोटींचे बारा अगदी समान भाग केले, तर प्रत्येकाला २५ लाख पौंड मिळतील. सेल्टिकच्या १४ कोटींसमोर हे २५ लाख ठेवून बघा. काहीच हलत नाही! शिवाय लीगचं वाटप मुळात तितकं अन्यायी पण नाहीये, जुन्या एसपीएलमध्ये, म्हणजे आधीच्या स्कॉटिश प्रीमियर लीगमध्ये, पहिल्या दोघांना मिळून जवळपास एक तृतीयांश जायचं, २०१३ ला चारही डिव्हिजन एकत्र आणणारी एसपीएफएल झाल्यावर पहिल्याला १३.४ टक्के आणि दुसऱ्याला ९.६ टक्के ठरलं, आणि हा पैसा चारही डिव्हिजनच्या ४२ क्लबांपर्यंत खाली झिरपतो. युरोपातल्या बऱ्याच लीगच्या मानाने हे बरंच समतोल आहे.

आता गेट, म्हणजे मैदानात येणाऱ्यांच्या तिकिटांचा पैसा. सेल्टिक पार्कमध्ये ६० हजारांवर लोक मावतात, रेंजर्सच्या आयब्रॉक्समध्ये ५० हजारांवर. हार्ट्स, हिब्ज, अॅबरडीन यांची मैदानं वीस हजारांची. रॉस काउंटीचं डिंगवॉलमधलं मैदान साडेसहा हजारांचं आणि अख्ख्या डिंगवॉल गावात मैदानाच्या क्षमतेएवढीही माणसं राहत नाहीत. समजा एकीकडे दर मॅचला ५८ हजार आणि दुसरीकडे ४,५०० लोक आले, घरच्या १९ मॅच, तर एकीकडे ११ लाख तिकिटं आणि दुसरीकडे ८५ हजार, तेरापट. वरून बॉक्स, जेवण, जर्सी, स्पॉन्सर हे सगळं त्याच माणसांच्या मागे येतं, त्यामुळे प्रत्यक्षात फरक आणखीच वाढतो. आणि ही माणसं फक्त ग्लासगोची नसतात, मॅचच्या सकाळी स्कॉटलंडभरच्या छोट्या शहरांतून सपोर्टर्सच्या बस ग्लासगोकडे निघतात, आपल्या गावच्या मैदानाला वळसा घालून.

इथे छोट्या क्लबांची एक कोंडी आहे ती समजून घ्या. सेल्टिक किंवा रेंजर्स पाहुणे म्हणून आले की त्यांना दोन-तीन स्टँड देऊन टाकले तर त्या दिवशी गल्ला भरतो, पण स्वतःच्याच घरी आपले लोक अल्पसंख्य होतात, टीम दबून खेळते, आणि गावातला दहा वर्षांचा पोरगा बघतो की मजा तर त्या तिकडच्या स्टँडमध्ये आहे. किलमार्नकसारख्या क्लबने पुढे पाहुण्यांच्या जागा कमी करून हा पैसा सोडला. तुम्ही एखाद्या क्लबचा अभ्यास करताना तो पाहुण्यांना किती जागा देतो हे जरूर बघा, हिशोबाच्या पुस्तकात न दिसणारी पण फार बोलकी गोष्ट आहे ती.

तिसरा तुकडा युरोप, आणि हा खरा राक्षस. चॅम्पियन्स लीगच्या मुख्य फेरीत गेलं की एका हंगामात कोट्यवधी पौंड येतात, हार्ट्स किंवा अॅबरडीनच्या अख्ख्या वर्षाच्या उलाढालीपेक्षा जास्त. सेल्टिक २०२२, २०२३ आणि २०२४ असे सलग तीन हंगाम तिथे होतं. त्या पैशातून खेळाडू येतात, ते वाढतात, मग विकले जातात, टिअर्नी २०१९ ला आर्सेनलला अडीच कोटी पौंडांना गेला, झोटा २०२३ ला सौदीला तेवढ्याच्या आसपास, आणि ते पैसे परत पुढच्या टीममध्ये. जिंकलं की युरोप, युरोप की पैसा, पैसा की परत जिंकणं. हे चक्र टेबलच्या वर फक्त एका-दोघांसाठी फिरतं. कधी ते अडखळतं, २०२५ ला सेल्टिक कझाकस्तानच्या कैरात अल्माटीकडून पेनल्टीवर हरलं आणि चॅम्पियन्स लीगला मुकलं, पण बँकेत साडेसात कोटी पौंडांच्या वर रोकड असलेल्या क्लबला असं एखादं वर्ष सोसतं. मदरवेलसारख्या छोट्या क्लबला सोसलं नसतं.

तर वहीत प्रत्येक क्लबासमोर टीव्ही, गेट आणि युरोप असे तीन रकाने भरलेत की तुम्हालाच दिसेल दरी कुठे आहे. टीव्हीच्या रकान्यात ती छोटी आहे, बाकीच्या दोनात प्रचंड.

मग विचारा, हे कधी घडलं

आता विजेत्यांची यादी आणि पैशाचे रकाने शेजारी ठेवा आणि १९८० ते १९९५ या काळात काय काय बदललं ते तारखांसकट लिहा. मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत स्कॉटलंडमध्ये गेटच्या पैशात पाहुण्या टीमचाही वाटा असायचा. म्हणजे अॅबरडीन आयब्रॉक्सला खेळायला गेलं की तिथल्या गर्दीचा हिस्सा अॅबरडीनलाही मिळायचा. मग नियम बदलला आणि घरच्या मैदानाचा पैसा घरच्यालाच राहायला लागला. कागदावर छोटा बदल, परिणाम सगळ्यात मोठा.

लगेच पुढे १९८६ ला ग्रेम सूनेस खेळाडू-मॅनेजर म्हणून रेंजर्सला आला, इंग्लिश क्लबांवर तेव्हा १९८५ च्या हेझेल स्टेडियममधल्या दुर्घटनेनंतर युरोपबंदी होती त्यामुळे टेरी बुचर, क्रिस वूड्स असे इंग्लंडचे खेळाडू चक्क ग्लासगोला यायला तयार झाले. १९८८ ला डेव्हिड मरेने क्लब विकत घेतला आणि पैशाचा नळ सोडला. १९९२ ला चॅम्पियन्स लीग सुरू झाली. १९९४ ला बुडायला आलेलं सेल्टिक फर्गस मॅकॅनने वाचवलं आणि साठ हजारांचं स्टेडियम उभं केलं. म्हणजे ज्या काळात गेटचा पैसा वाटणं बंद झालं त्याच काळात दोघांची मैदानं कमाईची यंत्रं झाली आणि युरोपात बक्षिसाची रक्कम फुगली. मग १९९५ चा बॉसमन निकाल, करार संपला की खेळाडू फुकट मोकळा, त्यामुळे छोट्या क्लबाने घडवलेला पोरगा धरून ठेवणंही अवघड. हे सगळं एकावर एक रचलं गेलं. यातलं एकटं कुठलंच पुरेसं नव्हतं.

२०१२ ते २०१६, आयता प्रयोग

अभ्यासाला इतकी चांगली संधी क्वचित मिळते. १४ फेब्रुवारी २०१२ ला रेंजर्स अॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेलं, म्हणजे देणी भागेनात म्हणून कारभार प्रशासकांच्या हाती गेला, जुनी कंपनी लिक्विडेट झाली म्हणजे मोडीत निघाली, बाकीच्या क्लबांनी मतदान करून नव्या कंपनीला वरच्या लीगमध्ये घ्यायला नकार दिला आणि रेंजर्स चौथ्या डिव्हिजनला गेलं, परत वर यायला २०१६ उजाडलं. तेव्हा सगळीकडे भाकितं होती की आता बाकीचे क्लब पण बुडणार.

तुम्ही त्या चार हंगामांचे दोन वेगळे तक्ते करा. लीगचा तक्ता, सेल्टिक चारही वेळा, आणि अंतर १६, २९, १७, १५ गुणांचं. म्हणजे दोनातला एक काढला तर स्पर्धा वाढली का? नाही, वरच्या टोकाला तर अजून मरगळ आली. आता कपचा तक्ता. २०१३ ते २०१६ चे स्कॉटिश कप आणि लीग कप मिळून आठ, त्यातले सहा सहा वेगवेगळ्या क्लबांनी घेतले: सेंट मिरन, सेंट जॉन्स्टन, अॅबरडीन, इन्व्हरनेस, रॉस काउंटी आणि हिब्ज. सेंट जॉन्स्टन आणि इन्व्हरनेसचा तो पहिलाच स्कॉटिश कप, हिब्जचा १९०२ नंतरचा पहिला. काय आनंद झाला असेल त्या गावांत! आणि रेंजर्स परतल्यावर? २०१६-१७ ते २०१९-२० चार हंगाम, देशातल्या बाराच्या बारा ट्रॉफ्या सेल्टिकने नेल्या.

या प्रयोगातून मी काढलेला अर्थ असा, की ३८ मॅचच्या लीगमध्ये पैसा जवळपास नेहमी जिंकतो कारण त्याला चुका भरून काढायला वेळ मिळतो, आणि एका दिवसाच्या सामन्यात तो तितका जिंकत नाही. तुमचा अर्थ वेगळा निघू शकतो, पण दोन्ही तक्ते शेजारी ठेवूनच बोला.

कुणी उपाय सुचवला की तो कसा तोलायचा

तीनच प्रश्न विचारा. याने गेटच्या पैशाला हात लागतो का, युरोपच्या पैशाला हात लागतो का, आणि हे मंजूर कोण करणार.

लीग मोठी करा, सोळा-अठरा टीमची, हे नेहमी ऐकू येतं. पहिल्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर "नाही" असं येतं, आणि वरून सेल्टिक-रेंजर्स मॅच चारवरून दोनवर येतात, ज्या टीव्हीवाल्यांना सगळ्यात जास्त हव्या असतात. विविधता वाढेल, दरी नाही कमी होणार. पगारावर टक्केवारीची मर्यादा, म्हणजे उलाढालीच्या अमुक टक्केच पगारावर, हे ऐकायला न्याय्य वाटतं पण ज्याची उलाढाल सातपट त्याला सातपट पगार द्यायची परवानगीच ती, आहे ती दरी कायम करणारा उपाय. दोघांना इंग्लंडला पाठवा, तर इंग्लंडचे क्लब आपल्या ताटातला घास का देतील?

गेटचा पैसा पुन्हा वाटणं हा एकच उपाय थेट जखमेवर आहे, अगदी वीस टक्के वाटा पाहुण्यांना दिला तरी फरक पडेल. पण तिसऱ्या प्रश्नाला तो अडतो. जुन्या एसपीएलमध्ये मोठ्या निर्णयांना बारातली अकरा मतं लागायची, म्हणजे दोघांनी मिळून हात वर केला नाही की विषय संपला. २००२ ला स्वतःचं टीव्ही चॅनेल काढायची योजना अशीच पडली आणि बाकीच्या दहा क्लबांनी चिडून लीग सोडायची नोटीस दिली होती. म्हणून कुठलाही सुधारणेचा प्रस्ताव वाचताना मतांचं गणित आधी शोधा, बाकीचं नंतर.

श्रीमंत मालक आला तर

हा मोह मोठा असतो. ग्रेटना, सीमेवरचं जेमतेम तीनेक हजार वस्तीचं गाव, एका श्रीमंत माणसाच्या पैशावर २००६ ला कप फायनल, २००७ ला थेट वरची लीग, २००८ ला माणूस आजारी पडला आणि क्लबच संपला. हार्ट्स, २००५ ला रोमानॉव्ह हा लिथुआनियातला बँकर मालक म्हणून आला, २००५-०६ ला दुसरा नंबर, रेंजर्सच्या वर, कप पण जिंकला, आणि २०१३ ला अॅडमिनिस्ट्रेशन. त्यांना वाचवलं ते महिन्याला थोडे थोडे पैसे भरणाऱ्या सामान्य चाहत्यांनी, २०२१ पासून क्लबची मालकी त्यांच्याच संस्थेकडे आहे. हे वाचताना मला अजूनही भरून येतं.

म्हणून नवा गुंतवणूकदार आला की हिशोबात बघा, पैसे कर्ज म्हणून आलेत की शेअर म्हणून, मतदानाचा हक्क कुणाकडे, आणि पगार उलाढालीच्या मानाने किती फुगले. २०२५ ला इंग्लंडमधल्या ब्रायटन क्लबचे मालक टोनी ब्लूम यांनी हार्ट्समध्ये जवळपास एक कोटी पौंड घातले, २९ टक्के शेअर, पण मतदानाचा हक्क नसलेले, म्हणजे ताबा चाहत्यांकडेच राहिला, आणि सोबत खेळाडू शोधण्यासाठी डेटाची मदत. ऑक्टोबर २०२५ मध्ये टाइनकॅसलला, आपल्या घरच्या मैदानावर, हार्ट्सने सेल्टिकला ३ - १ हरवलं तेव्हा ते टेबलमध्ये आठ गुणांनी पुढे होते. रोमानॉव्हचा काळ आणि हा काळ यांचे हिशोब शेजारी ठेवून वाचा, कर्जाच्या ओळीवरच फरक कळेल.

आणि हे सगळं करताना मॅच बघणं सोडू नका. तिसऱ्या-चौथ्या नंबरची मारामारी, ३३व्या मॅचला वरच्या सहात घुसायची धडपड, रेलिगेशन प्लेऑफ, तिथे खरी स्पर्धा जिवंत आहे. २०२५ ची स्कॉटिश कप फायनल पूर्ण बघा, अॅबरडीनने सेल्टिकला पेनल्टीवर हरवलं, १९९० नंतरचा त्यांचा पहिला स्कॉटिश कप.

नवे आकडे कधी शोधायचे तेवढं सांगतो. सेल्टिकचे साधारण सप्टेंबरच्या आसपास येतात, रेंजर्सचे त्यानंतर थोड्या आठवड्यांत. पब्लिक कंपनीला वर्ष संपल्यावर सहा महिने आणि प्रायव्हेट कंपनीला नऊ महिने मुदत असते, त्यामुळे बरेच छोटे क्लब फेब्रुवारी-मार्चपर्यंत लांबवतात. कंपनीज हाउसवर प्रत्येक कंपनीला फॉलो करायची सोय आहे, बाराही क्लब एकदा टाकून ठेवा, फायलिंग झालं की ईमेल येतो.